ग्रंथालयाचा तास वेळापत्रकात हवा

वाङ्मयचौर्याला आळा घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली विनियम केले. प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असल्यास शिक्षा नाही. ६० टक्क्यांहून अधिक आढळल्यास नोंदणी रद्द, अशी त्यांतील चढती भाजणी आहे. पुढच्याच वर्षी आयोगाने संशोधननीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी आणला. दोन्ही गोष्टी योग्यच होत. परंतु ज्याने पदवीची सारी वर्षे गाइडातील उत्तरे उतरवून काढली आणि त्यासाठी गुणही मिळविले, त्याला पंचविशीत ‘आधार दाखवा’ असे बजावून काय साधणार?

या सवयीचे मूळ महाविद्यालयीन ग्रंथालयाच्या खिडकीत आहे. अनेक ठिकाणी विद्यार्थी चिठ्ठी देतो, शिपाई पुस्तक आणून देतो, आणि व्यवहार संपतो. कपाटांपर्यंत जाण्याची मुभा नसल्याने मागितलेल्या पुस्तकाच्या शेजारी त्याच विषयावर विरुद्ध मत मांडणारे दुसरे पुस्तक उभे आहे, हे त्याला कधी कळतच नाही. डॉ. रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, ते गणिताचे अध्यापन सोडून. नवागत वाचकाला ग्रंथालयाची दीक्षा देणे हा ते संदर्भसेवेचाच भाग मानीत. आज ही दीक्षा म्हणजे जुलैतील अर्ध्या तासाची फेरी आणि नियमांचे वाचन!

वास्तविक हे शिक्षण विषयाबरोबरच द्यावयाचे असते. अर्थशास्त्राचेच उदाहरण घ्या. दादाभाई नौरोजींनी भारतीयांचे दरडोई वार्षिक उत्पन्न २० रुपये ठरविले, हे वाक्य प्रत्येक गाइडात सापडते. विद्यार्थ्याला एवढेच सांगावे की, हा आकडा कोठून आला ते आठवड्याभरात शोधून आण. मग त्याला तालिका पाहावी लागेल, ‘राष्ट्रीय उत्पन्न’ या शीर्षाखाली न मिळाल्यास ‘दारिद्र्य’ या शीर्षाखाली हात घालावा लागेल, आणि तो १९०१ साली लंडनला निघालेल्या दादाभाईंच्या ग्रंथापाशी पोहोचेल. तेथे त्याला दिसेल की, आकडा १८६७-६८ च्या सुमाराचा आहे. प्रांतवार सरकारी अहवालांतील पिके, उतारा आणि भाव यांवरून तो काढलेला आहे. आणि त्याच्या शेजारी दादाभाईंनी तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च मांडला आहे, जो या उत्पन्नाहून जास्त भरतो! पुढे १८८२ साली बेअरिंग व बार्बर यांनी २७ रुपये सांगितले, तर १९०१ मध्ये लॉर्ड कर्झनने ३०. आकडा कोणी काढला, कशासाठी काढला, त्यात काय धरले व काय वगळले, हे प्रश्न येथे विद्यार्थ्याला आपोआप सुचतात. शंभर व्याख्यानांनी ते सुचत नाहीत.

इंटरनेट असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. दादाभाईंचा ग्रंथ आज इंटरनेटवर विनामूल्य मिळतो, हे खरेच. पण तेथे उत्तर हाती येते, त्याचे कूळ मात्र येत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने तर कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथांचे हवाले बिनदिक्कत देतात. ते पकडायचे तर तालिका तपासण्याची सवयच उपयोगी पडते. गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्रामार्फत ‘एन-लिस्ट’वरील नियतकालिके अल्प वर्गणीत महाविद्यालयांना मिळतात, ‘शोधगंगा’वरील प्रबंध कोणालाही वाचता येतात. तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्यालाही हे दार उघडे आहे. ते कोठे आहे हे त्याला दाखविणारे कोणी नाही. शिवाय ही सामग्री बहुतांशी इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला परिशिष्ट आणि विषयसूची कशी वापरावी हे हाताला धरूनच शिकवावे लागते.

हे काम ग्रंथपालाचे. त्याची पात्रता व वेतनश्रेणी आयोगाने अध्यापकाच्या जोडीने ठरविली आहे; परंतु वेळापत्रकात त्याच्या नावाचा तास नसतो. ‘नॅक’च्या २०१७ च्या मूल्यांकनपद्धतीतही ग्रंथालयाची जागा इमारत, संगणक यांच्या पंक्तीत, पायाभूत सुविधांत होती. ग्रंथालय शिकविते, हे जणू कोणाच्या ध्यानीच नव्हते.

पहिल्या सत्रात आठवड्याला एक तास, अध्यापक व ग्रंथपाल यांनी मिळून घेतलेला, एवढ्यानेही आरंभ होऊ शकेल. अंतर्गत मूल्यमापनाचे काही गुण आज दुकानातून बांधून आणलेल्या प्रकल्पांना दिले जातात. ते शोधाच्या नोंदवहीला द्यावेत: कोणते शीर्ष पाहिले, काय सापडले नाही, दोन आधारांत विरोध कोठे आढळला. अशी नोंदवही शेजाऱ्याची पाहून लिहिता येणे कठीण.