कालश्रेणीतील खंड: बेंगळुरू विमानतळाच्या प्रवासी संख्येचे पूर्वानुमान

बेंगळुरूजवळ देवनहळ्ळी येथे विमानतळाचे बांधकाम २००५ मध्ये सुरू झाले. मूळ आराखडा वर्षाला सुमारे ४५ लाख प्रवाशांचा होता. काम चालू असतानाच हा अंदाज तोकडा असल्याचे लक्षात आले आणि क्षमता एक कोटीच्या पुढे नेण्यात आली. मे २००८ मध्ये विमानतळ सुरू झाला. धावपट्टी, टर्मिनल, विमानांची खरेदी, वैमानिकांची भरती या सर्व गोष्टी काही वर्षे आधी ठरवाव्या लागतात, म्हणून या व्यवसायात पूर्वानुमानाची चूक महागात पडते.

या विषयाची सुरुवात बहुतेक ठिकाणी बॉक्स आणि जेन्किन्स यांच्या १९७० च्या पुस्तकातील उदाहरणाने होते. त्यात १९४९ ते १९६० या १४४ महिन्यांची आंतरराष्ट्रीय विमान प्रवाशांची कालश्रेणी आहे, म्हणजे क्रमाने नोंदवलेले मासिक आकडे. जानेवारी १९४९ मध्ये १ लाख १२ हजार, तर जुलै १९६० मध्ये ६ लाख २२ हजार प्रवासी. संख्या वाढते तसा हंगामी चढउतारही वाढतो, म्हणून आधी लॉग घेतात. मग प्रत्येक महिन्यातून मागचा महिना वजा करतात आणि आलेल्या फरकातून वर्षापूर्वीच्या त्याच महिन्याचा फरक वजा करतात. उरलेल्या भागाला अवघी दोन गुणांके पुरतात. याला ‘एअरलाइन मॉडेल’ असेच नाव पडले.

आता हेच बेंगळुरूला लावून पाहा. २५ मार्च ते २४ मे २०२० या काळात देशांतर्गत नियमित उड्डाणे बंद होती. एप्रिल २०२० मध्ये नियमित प्रवासी शून्य, आणि शून्याचा लॉग अस्तित्वात नाही! विद्यार्थी अशा वेळी १ मिळवून मोकळे होतात. पण महिन्याला सरासरी २७ लाख प्रवाशांचा नैसर्गिक लॉग सुमारे १४.८ येतो. एप्रिलचा वार्षिक फरक –१४.८ होतो आणि पुढच्या वर्षी जवळपास तेवढीच उलटी उडी दिसते. त्रुटींचे प्रमाण विचलन इतके फुगते की मॉडेलने दिलेली मर्यादा निरुपयोगी ठरते.

सर्वांत साधा उपाय म्हणजे ते महिने ‘नोंद नाही’ असे धरणे. दुसरा उपाय बॉक्स आणि टियाओ यांनी १९७५ मध्ये मांडला: धक्क्यासाठी वेगळे चल घालायचे. त्यात धक्क्याचा आकार आपल्याला ठरवावा लागतो, आणि अडचण तिथेच आहे. बेंगळुरूची वार्षिक संख्या २०१९–२० मधील सुमारे ३.२ कोटींवरून पुढच्या वर्षी १.१ कोटींवर आली, मग १.६ कोटी झाली आणि २०२२–२३ मध्ये पुन्हा ३.२ कोटींच्या आसपास पोहोचली. संख्या जुन्या पातळीवर आली. पण धक्का नसता तर ती तोवर बरीच वर गेली असती. म्हणजे हा धक्का तात्पुरता मानायचा की कायमचा?

हा प्रश्न न्यूरल नेटवर्कवर सोपवावा असे अनेकांना वाटते. मला ते पटत नाही, कारण एवढा मोठा खंड या श्रेणीत एकदाच आला आहे आणि एका उदाहरणावरून यंत्र फार काही शिकत नाही. २०१८ च्या ‘एम४’ स्पर्धेत एक लाख कालश्रेणी होत्या. तिथे निव्वळ यंत्रशिक्षणाच्या पद्धती मागे पडल्या; घातांकी समतलन आणि न्यूरल नेटवर्क यांची सांगड घालणारी पद्धत पहिली आली. सध्याच्या संशोधनाचा ओढा अशा मिश्र पद्धतींकडे आणि एका आकड्याऐवजी शक्यतांचा पट्टा देण्याकडे आहे.

सराव: भारतीय विमानतळ प्राधिकरण प्रसिद्ध करते ते बेंगळुरूचे मासिक आकडे घ्या. २०२० चे महिने एकदा वगळून आणि एकदा वेगळे चल घालून २०२४ चे अनुमान काढा. दोन्ही पट्ट्यांची रुंदी ताडून पाहा.