पिकलेली मादी, अडलेलं अंडं

जूनअखेरीस दमदार पाऊस झाला की पूर्व विदर्भातल्या तलावांचं पाणी धानाच्या बांध्यांत शिरतं आणि देशी मांगूर उथळ पाण्याकडे निघतो. मासेमार ढिवरांच्या जाळ्यात सापडलेले हेच मासे मत्स्यबीज केंद्रावर ब्रूडर, म्हणजे प्रजननासाठीचे नर-मादी, म्हणून येतात. त्यातला कोणता कामाचा, हे ओळखणं मला या धंद्यातलं सगळ्यात नाजूक काम वाटतं.

मासा ओल्या फडक्यातच धरायचा. कल्ल्यामागचा काटा बोटात शिरला तर बराच वेळ ठणकतं. मग उलटा करून गुदद्वारामागे बघायचं. नराला तिथे लांबट, टोकदार उंचवटा असतो. मादीचा बटणासारखा गोल, आणि ती पिकली असेल तर लालसर. नुसत्या फुगलेल्या पोटावर भरवसा ठेवू नये, खाऊनही ते फुगतं. म्हणून बारीक नळीने चार अंडी काढून अल्कोहोल, फॉर्मेलिन आणि अ‍ॅसिटिक आम्लाच्या द्रावणात टाकतात. काही मिनिटांत ती पारदर्शक होतात. सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रक मधोमध दिसलं तर थांबायचं. कडेला सरकलेलं असेल तर मादी इंजेक्शनला तयार आहे.

इंजेक्शन का? अंड्यात बलक पूर्ण भरलेला असतो, पण हौदात ना पाऊस, ना नवं पाणी. अशा वेळी मेंदूतलं डोपामिन अंडी सोडवणारं संप्रेरक अडवून धरतं. ओव्हाप्रिमसारख्या औषधातला एक घटक ही अडवणूक काढतो, दुसरा पियुषिका ग्रंथीला कामाला लावतो. पाणी 28 अंशांच्या आसपास असेल तर साधारण 16-17 तासांनी पोट हलकेच दाबलं की तपकिरी, चिकट अंडी ताटात ओघळतात. वेळ टळली तर ती आतच बिघडतात. जाळ्यात जखमी झालेली, दाटीवाटीने ठेवलेली मादी तर कित्येकदा अंडी अंगातच जिरवून टाकते.

नराची गोष्ट मन दुखावणारी आहे. दाबून त्याचं वीर्य मिळत नाही. त्याला मारून वृषण काढायचे, 0.9 टक्के मिठाच्या पाण्यात चुरडायचे आणि अंड्यांवर शिंपायचे. मोकळ्या पाण्यात हाच नर घरट्यातल्या अंड्यांची राखण करतो.

रोहूची मादी लाखांनी अंडी देते, मांगुराची काही हजारच. हा मासा आज आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या संकटग्रस्त यादीत आहे. असं असताना दर पावसाळ्यात बांध्यांतूनच ब्रूडर उचलणं मला चुकीचं वाटतं. मांगूर वर्षभरात वयात येतो. थोडे रानटी मासे एकदा आणून, चांगलं खाद्य देऊन तळ्यातच पुढची पिढी वाढवता येते. बोटुकली विकत घेणाऱ्या शेतकऱ्यांनी केंद्रवाल्याला एवढं जरूर विचारावं: ब्रूडर तुमच्या तळ्यातले, की यंदाच्या पावसात पकडलेले?