आपल्या हवेतला धूर आणि कापसाची धूळ

कोजागिरी झाली की पांढुर्ण्यात संध्याकाळी जाम नदीच्या पात्रावर एक पांढुरका थर तरंगताना दिसतो. आपण सवयीने त्याला धुकं म्हणतो. पण डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, तेव्हा कळते की हे धुकं नाही, धूर आहे. हिवाळ्यात सूर्य मावळला की जमीन लवकर गार होते, तिला लागलेली हवाही गार आणि जड होते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते. चुलींचा, कचऱ्याचा, गाड्यांचा धूर त्या झाकणाखाली अडकतो. सकाळी ऊन चढेपर्यंत तो तिथेच असतो आणि नेमक्या त्याच वेळी मुले शाळेला निघतात, वडीलधारी मंडळी फिरायला बाहेर पडतात.

प्रदूषण म्हटले की आपल्याला दिल्ली आठवते. केंद्र सरकारने २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. त्यात शेजारचे नागपूर आहे, भोपाळ-इंदूर आहेत. पांढुर्णा आणि सौंसर नाहीत. २०२३ मध्ये आपला जिल्हा वेगळा झाला, तरी त्या यादीच्या हिशेबाने आपण लहानच. पण यादीत नाव नाही म्हणून हवा चांगली, असे समजून आम्हीही बरीच वर्षे निर्धास्त होतो.

धुरातला सर्वांत घातक भाग डोळ्यांना दिसत नाही. अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कणांना पीएम २.५ म्हणतात. आपला केस अशा कणाच्या जवळजवळ तीस पट जाड असतो. नाकातले केस आणि घशातला चिकटा मोठी धूळ अडवतात, हे कण मात्र फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात आणि काही थेट रक्तात उतरतात. म्हणून धुराने नुसता खोकला होत नाही. हृदयविकार आणि पक्षाघात यांचाही धोका वाढतो. आपल्या देशात या कणांची वार्षिक मर्यादा एका घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ असावी असे सुचवले.

आता घरातले पाहू. उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये आली आणि पुष्कळ घरांत सिलिंडर पोहोचला. तरी आंघोळीचे पाणी, जनावरांचे आंबोण, भाकरी हे सगळे कित्येक ठिकाणी अजून चुलीवरच होते, कारण सिलिंडर पुन्हा भरायला पैसे लागतात आणि पऱ्हाटी, तुराट्या वावरात फुकट मिळतात. यात बायकांचा दोष काढण्यासारखे काही नाही. पण फुकणी हातात घेऊन चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या छातीत किती धूर जातो, याचा हिशेब घरात कोणी ठेवत नाही. दिल्लीच्या हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांना १९५० च्या दशकातच असे दिसले होते की कधी विडीला हात न लावलेल्या बायकांना फुप्फुसे खराब होऊन हृदय थकण्याचा आजार होत होता. संशय चुलीच्या धुरावर गेला. आपल्याकडे आजी खोकत असली की आपण ‘वय झालं’ म्हणून सोडून देतो. वय झालेच असते, पण त्या वयातली चाळीस-पन्नास वर्षे चुलीपुढे गेलेली असतात.

डासांसाठी रात्रभर जळणारी कॉइलही याच घरातली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एक कॉइल जळून जेवढे सूक्ष्म कण निघतात ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या बरोबरीचे भरले. दारे-खिडक्या लावून तान्ह्या बाळाच्या खाटेखाली ती ठेवणे म्हणजे काय, हे यावरून समजावे. मच्छरदाणी जुनी वाटते, पण तीच बरी.

कापूस तर आपला जीव की प्राण. त्याच्याशी आलेल्या एका आजाराचे नाव मात्र घरोघरी माहीत नाही. जिनिंगमध्ये, गिरणीत कापसाची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की बिसिनोसिस होतो. त्याची खूण विलक्षण आहे. सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो. पुढच्या दिवसांत बरे वाटते. त्यामुळे कामगार म्हणतो, ‘हवा बदलली, सर्दी झाली.’ मग काही वर्षांनी तो त्रास रोजचा होतो आणि तोवर फुप्फुसाचे झालेले नुकसान भरून येत नाही. वेळीच ओळखले आणि धुळीतून माणूस बाहेर काढला, तर वाचवता येते.

सौंसरकडे दुसरी धूळ आहे. तिथल्या खडकांना भूगर्भशास्त्रात ‘सौंसर समूह’ असेच नाव आहे आणि त्यांतले मँगनीज शंभराहून अधिक वर्षे जगाला माहीत आहे. मँगनीजची धूळ दीर्घकाळ छातीत गेली की मज्जासंस्था बिघडते: चाल अडखळते, चेहरा स्थिर होतो, बोलणे बारीक होते. स्कॉटलंडमध्ये हे धातुक दळणाऱ्या मजुरांत जेम्स कूपर यांनी १८३७ मध्येच ते नोंदवले. वाटेने जाणाऱ्याने घाबरायचे कारण नाही. धोका फोडणाऱ्याला, दळणाऱ्याला. कारखाना कायदा, १९४८ च्या तिसऱ्या परिशिष्टात नोंद सक्तीची असलेल्या आजारांची यादी होती. तिच्यात मँगनीजची विषबाधा होती आणि बिसिनोसिसही. आपले दोन्ही आजार एकाच यादीत, आणि तरी आपल्यातल्या बहुतेकांनी ती नावे ऐकलेली नसतात.

उरली पऱ्हाटी. वेचणी संपली की ती उपटून धुऱ्यावर ढीग लावतात आणि पेटवून देतात. शेतकरी हे आळसाने करत नाही. उरल्यासुरल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दबा धरून बसते, म्हणून पऱ्हाटी वावरात ठेवूच नका असे जाणकारही सांगतात. शिवाय मजुरी महाग. पण जाळल्याशिवायही अळीचा बंदोबस्त होतो. ट्रॅक्टरवरच्या यंत्राने पऱ्हाटीचा बारीक चुरा करून मातीत मिसळला, तर अळीचा आसरा मोडतो आणि वावराला सेंद्रिय खत मिळते. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड आणि इंधनाच्या कांड्या बनवण्याचे तंत्रही दाखवले आहे. अडचण यंत्राची आहे. एकट्याला ते परवडत नाही. पाच-सहा जणांनी मिळून भाड्याने आणले तर जमू शकते. गावातला प्लास्टिकमिश्रित कचरा सकाळी झाडून कोपऱ्यात पेटवणे, याला मात्र काहीच सबब नाही.

दवाखान्यात गेल्यावर एक करावे. आपण कोणते काम किती वर्षे केले, घरात चूल आहे का, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर क्षयाची तपासणी करून घ्यावी आणि फुंकून करायच्या श्वासाच्या चाचणीबद्दल विचारावे.

शेवटी आमच्याच घरातली गोष्ट. मंडळाचा महाप्रसाद दरवर्षी लाकडावर शिजतो आणि मंडपाच्या मागे धुरात तीन-चार तास उभ्या राहतात त्या आपल्याच वहिनी आणि मावश्या. जेवायला त्या सगळ्यांत शेवटी बसतात, लाल डोळ्यांनी. येत्या उत्सवापासून भट्टी गॅसवर घ्यावी, असे आमच्यातल्या काहींनी बैठकीत मांडले आहे. खर्च वाढेल, म्हणून वर्गणी थोडी वाढवावी लागेल. त्याबद्दल आपले मत आम्हाला जरूर कळवा.