खाडीकाठची जहाजबांधणी

कल्याण-डोंबिवलीवरून वाहत येणारी उल्हास नदी वसईच्या खाडीतून समुद्राला मिळते. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी याच पाण्यावर आरमारासाठी जहाजे बांधायला सुरुवात केली. ते राज्याचे काम होते. पुढे ठाणे जिल्ह्यातील घोडबंदर येथे, याच खाडीवर, १९७३ साली स्थापन झालेल्या भारती शिपयार्ड या खाजगी कंपनीने टग, बार्ज यांसारखी जहाजे बांधली.

उथळ खाडीत हे कसे जमते? आर्किमिडीजचे तत्त्व आठवा. समजा, पेटीसारखी एक बार्ज ६० मीटर लांब व १० मीटर रुंद आहे आणि रिकामी असताना तिचे वस्तुमान ४०० टन आहे. समुद्राच्या १ घनमीटर पाण्याचे वस्तुमान सुमारे १.०२५ टन असते. म्हणून तरंगण्यासाठी तिला सुमारे ३९० घनमीटर पाणी बाजूला सारावे लागेल. तळाचे क्षेत्रफळ ६०० चौरस मीटर. म्हणजे ती फक्त ६५ सेंटिमीटर बुडेल! उधाणाच्या भरतीला ती उतारावरून सहज पाण्यात सोडता येते.

मोठ्या जहाजांना खोल पाणी व अवाढव्य गोदी लागते. पण टगने ओढल्याशिवाय मोठे जहाज धक्क्याला लागणे कठीण. तेव्हा लहान कारखानेही देशाला हवेतच.

अडचण पैशाची असते. जहाज पुरे होण्यास एक-दोन वर्षे लागतात. पोलाद व इंजिने मात्र आधी घ्यावी लागतात. त्यासाठी कर्ज काढावे लागते. वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीने १९४१ मध्ये विशाखापट्टणमला कारखान्याची पायाभरणी केली, १९४८ मध्ये ‘जलउषा’ पाण्यात उतरवली. पण १९५२ मध्ये त्यातील मोठा हिस्सा सरकारने घेतला. माझगाव डॉकही १९६० पर्यंत खाजगीच होता. २००८ च्या जागतिक मंदीनंतर नव्या जहाजांची मागणी घटली. भारती कंपनी कर्जात बुडाली व २०१९ मध्ये ती अवसायनात काढण्याचा आदेश झाला. कारखाना बंद पडला की वेल्डर, फिटर पांगतात. त्यांचे कसब पुन्हा जमवायला वर्षे लागतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने या क्षेत्रासाठी ६९,७२५ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तीत व्याजाचा भार हलका करण्याचीही तरतूद आहे.

आता एक गणित तुमच्यासाठी. वरील बार्जवर ८०० टन वाळू भरली, तर ती किती बुडेल? आणि ओहोटीला खाडीत दीडच मीटर पाणी उरले, तर काय होईल?