पडदा नसलेल्या सर्व्हरवर चित्रं का कोसळतात

सकाळी साडेआठला प्रयोगशाळेतल्या एका संशोधक विद्यार्थिनीचा फोन आला. "सर, प्रोग्रॅम पुन्हा पडला. दिवसभर नीट चालतो, रात्री मरतो. ग्राफिक्स कार्ड तापत असेल का?"

कार्ड तापत नव्हतं. संध्याकाळी ती लॅपटॉप मिटून घरी जायची आणि काही वेळाने तिचा प्रोग्रॅम बंद पडायचा. तो टीमक्समध्ये चालत होता, म्हणून जोडणी तुटली तरी टिकेल असं तिला वाटलं होतं, आणि ते एरवी बरोबरही आहे. पण एसएसएचने सर्व्हरवर जाताना तिने खिडक्या स्वतःच्या लॅपटॉपवर आणायची सोय चालू ठेवली होती. तसं केलं की 'डिस्प्ले' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये बहुधा 'लोकलहोस्ट १०' असा पत्ता बसतो आणि त्या पत्त्याच्या टोकाला लॅपटॉपचा पडदा असतो. जोडणी गेली की पडदा गेला, आणि पडद्याशी बोलणारा प्रोग्रॅम त्यासोबत संपला. तिला तर फक्त आलेख फाइलमध्ये साठवायचे होते. मॅटप्लॉटलिबला पडदा न लागणारा 'ॲग' बॅकएंड वापरायला सांगितलं आणि रात्रीचं मरण थांबलं.

सर्व्हरला मॉनिटर नसणं हा दोष नाही, हे आधी मनात पक्कं करावं लागतं. "मॉनिटर नाही म्हणून ग्राफिक्स चालणार नाही" हा सगळ्यात जुना गैरसमज. चित्र काढणं आणि चित्र दाखवणं ही दोन वेगळी कामं आहेत. लिनक्सवर बरीच वर्षं ओपनजीएलचा रस्ता एक्स सर्व्हरमधूनच जायचा, त्यामुळे दोन्ही एकच वाटायची. आता ईजीएलच्या मार्गाने प्रोग्रॅम खिडकी न उघडता थेट कार्डाशी बोलू शकतो. लिनक्स कर्नलने २०१४ सालच्या ३.१७ आवृत्तीपासून त्यासाठी 'रेंडर नोड' नावाची वेगळी डिव्हाइस फाइल कायमची सुरू केली. पडद्यावर ताबा न मागता फक्त रेखाटनाचं काम करून घेण्यासाठीच ती आहे.

"एक्सव्हीएफबी लावा, सगळं चालेल." हा सल्ला अर्धा खरा. एक्सव्हीएफबी मेमरीत एक खोटा पडदा उभा करतो आणि 'डिस्प्ले सापडत नाही' ही तक्रार मिटवतो. पण त्या पडद्यावरचं ओपनजीएल सहसा मेसाच्या एलएलव्हीएमपाइपमधून, म्हणजे सीपीयूवर चालतं. महागडं कार्ड शेजारी रिकामं बसतं. चित्र येतं म्हणून कोणाला शंका येत नाही आणि तासाचं काम दिवसभर चालतं. जीएलएक्सइन्फोमध्ये रेंडररच्या नावाची ओळ वाचायची. तिथे एलएलव्हीएमपाइप दिसलं, तर कार्ड वापरात नाही. खोटा पडदा उभारताना रंगांची खोली २४ बिट आहे ना, हेही बघावं. कमी खोलीवर काही प्रोग्रॅमना हवी ती रंगरचना मिळत नाही आणि ते सुरूच होत नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ खाणारा गैरसमज कंटेनरमधला आहे: "एनव्हिडिया-एसएमआय कार्ड दाखवतंय, कूडा चालतंय, मग ओपनजीएल चालायलाच हवं." कूडा आणि ओपनजीएल यांच्या लायब्ररी वेगळ्या असतात. एनव्हिडियाचं कंटेनर टूलकिट 'ड्रायव्हर कॅपॅबिलिटीज' हे व्हेरिएबल बघून ठरवतं की यजमान यंत्रावरच्या कोणत्या लायब्ररी आत न्यायच्या. काहीच सांगितलं नाही तर 'युटिलिटी' आणि 'कॉम्प्युट' एवढ्याच जातात. 'ग्राफिक्स' मागावं लागतं. ते मागितलं नाही तर मॉडेल झकास शिकतं, पण त्याच कंटेनरमध्ये ईजीएल सुरू करताना प्रोग्रॅम कोसळतो किंवा गुपचूप सीपीयूवर घसरतो. हा एक शब्द माहीत नसल्याने ड्रायव्हर चार-चार वेळा काढून घालणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांचे वाया गेलेले दिवस मला खरोखर सलतात.

कंटेनर नसेल तर परवानगी तपासा. रेंडर नोडची फाइल अनेक वितरणांत 'रेंडर' नावाच्या गटाकडे असते. रूट म्हणून चालणारा प्रोग्रॅम साध्या खात्यातून पडत असेल, तर ते खातं त्या गटात आहे का, हा पहिला प्रश्न.

क्यूटी वापरणाऱ्या प्रोग्रॅमचा संदेश नेहमी चकवतो. 'एक्ससीबी प्लगइन सापडलं, तरी लोड करता आलं नाही' असं वाचून लोक क्यूटी नव्याने बसवतात. खरं कारण बहुतेक वेळा त्याच्या आधीच्या ओळीत असतं: डिस्प्लेशी जोडणी झाली नाही. तशी ओळ नसेल, तर एखादी सिस्टिम लायब्ररी गायब असते. पायथनमध्ये आणखी एक गुंता होतो: ओपनसीव्हीचं नेहमीचं पॅकेज लिनक्सवर स्वतःचे क्यूटी प्लगइन सोबत आणतं आणि ते पायक्यूटीच्या प्लगइनशी भांडतात. सर्व्हरवर खिडकी उघडायचीच नसते, म्हणून ओपनसीव्हीचं 'हेडलेस' पॅकेज घ्यावं. क्यूटीचा 'ऑफस्क्रीन' प्लॅटफॉर्म साध्या द्विमिती चित्रांना पुरतो, त्रिमिती दृश्यांसाठी त्यावर विसंबू नये.

राहिला शेवटचा समज, की क्रॅश म्हणजे क्रॅश, सगळे सारखेच. प्रोग्रॅम मरताना मागे एक आकडा ठेवतो, शेलमध्ये तो १२८ अधिक सिग्नलचा क्रमांक असा दिसतो. १३४ म्हणजे प्रोग्रॅमने स्वतःच 'पुढे जाता येत नाही' म्हणून काम थांबवलं. क्यूटीला डिस्प्ले मिळाला नाही की हाच येतो. १३९ म्हणजे मेमरीत नको तिथे हात गेला; तिथे कोअर डंप जीडीबीत उघडून कोणत्या लायब्ररीत तोल गेला ते बघावं. १३७ म्हणजे बाहेरून कोणीतरी मारलं, आणि बऱ्याचदा तो कर्नल असतो, कारण रॅम संपलेली असते. डीमेसेजमध्ये त्याची नोंद सापडते. मग ग्राफिक्सच्या सेटिंगला हात लावण्यात अर्थ नाही, टेक्स्चर लहान करा किंवा रॅम वाढवा. डॉकरमधलं क्रोम मोठ्या पानावर पडत असेल तर तिथली सामायिक मेमरी बघा. डॉकर ती मुळात ६४ एमबीच देतो.

त्या विद्यार्थिनीच्या पुढच्या तक्रारीत पहिल्याच ओळीत आकडा होता, १३७. ड्रायव्हरचा विषयही न निघता ती पंधरा मिनिटांत सुटली.