नकाशे काढणारा कप्तान

मुलांनो, आपल्या मॉरिशसच्या दक्षिण किनाऱ्यावर बे द्यु काप हे गाव आहे. १५ डिसेंबर १८०३ रोजी तेथे एक लहानसे गळके जहाज आले. त्याचा कप्तान होता मॅथ्यू फ्लिंडर्स.

फ्लिंडर्सचा जन्म १७७४ साली इंग्लंडमध्ये झाला. पंधराव्या वर्षी तो इंग्रजांच्या आरमारात गेला. १८०२-०३ मध्ये त्याने 'इन्व्हेस्टिगेटर' जहाजातून ऑस्ट्रेलियाला प्रदक्षिणा घातली आणि तेथील किनाऱ्याचे नकाशे काढले.

समुद्रातून नकाशा कसा काढत? जहाज किनाऱ्याजवळून सावकाश जाई. होकायंत्राने डोंगरांची दिशा पाहत. दोरीला शिसे बांधून पाण्याची खोली मोजत. मग सर्व कागदावर उतरवत.

'इन्व्हेस्टिगेटर' निकामी झाल्यावर फ्लिंडर्स दुसऱ्या, छोट्या जहाजाने मायदेशी निघाला. जहाज गळू लागले, म्हणून तो आपल्या बेटावर आला. तेव्हा येथे फ्रेंचांचे राज्य होते आणि इंग्लंड-फ्रान्सचे युद्ध सुरू होते. फ्लिंडर्सजवळ फ्रेंच परवाना होता. पण त्यावर 'इन्व्हेस्टिगेटर'चे नाव होते. गव्हर्नर दकाँ याला तो गुप्तहेर वाटला. त्याने फ्लिंडर्सला अटक केली.

फ्लिंडर्स साडेसहा वर्षे येथे अडकून पडला. तिकडे इंग्लंडमध्ये त्याची पत्नी ॲन वाट पाहत होती. तो प्रथम पोर्ट लुईमध्ये कैदेत होता. पुढे त्याला प्लेन विल्हेम्स भागात एका फ्रेंच कुटुंबाकडे राहू दिले. तेथे तो फ्रेंच भाषा शिकला.

कैदेतही त्याने काम सोडले नाही. होकायंत्राची सुई कधी कधी चुकीची दिशा का दाखवते, याचा त्याने विचार केला. होकायंत्राजवळ लोखंडी खिळा नेऊन पाहा. सुई हलते ना? तसेच जहाजावरील लोखंडही सुईला ओढते. जहाज वळले की ही चूकही बदलते. फ्लिंडर्सने हे लिहून इंग्लंडला पाठवले. पुढे ही चूक दूर करण्यासाठी होकायंत्राजवळ लोखंडी दांडा बसवू लागले. त्या दांड्याला फ्लिंडर्सचेच नाव आहे.

१८०४ साली येथेच त्याने एक मोठा नकाशा तयार केला. त्यावर त्याने 'ऑस्ट्रेलिया' हे नाव लिहिले. पुढे तेच नाव रूढ झाले.

जून १८१० मध्ये त्याची सुटका झाली. नऊ वर्षांनी ॲनची भेट झाली. मग त्याने आपल्या सफरीचे पुस्तक पूर्ण केले. ते १८ जुलै १८१४ रोजी प्रसिद्ध झाले आणि दुसऱ्याच दिवशी फ्लिंडर्सने प्राण सोडला. तेव्हा तो अवघा चाळीस वर्षांचा होता.

मुलांनो, बे द्यु काप येथे फ्लिंडर्सचे स्मारक आहे. तेथे गेलात की समुद्राकडे पाहा आणि या कप्तानाची आठवण करा. त्याचे जहाज थांबले, पण त्याचे काम थांबले नाही.