उंटवाल्यांच्या वाटेने समुद्राकडे

आमचा धाकटा भाऊ ऑस्ट्रेलियात गेला, त्याला आता नऊ वर्षे झाली. त्या देशाच्या अगदी मध्यभागी अ‍ॅलिस स्प्रिंग्ज नावाचे शहर आहे. तिथल्या इस्पितळात तो नोकरीला आहे. अब्बांचा इंतिकाल झाला तेव्हा तो वेळेत पोहोचू शकला नाही. दफन झाल्यावर दुसऱ्या दिवशी तो गावी आला आणि ओल्या मातीजवळ बसून राहिला. तेव्हापासून त्याचे एकच मागणे होते, की अम्मींनी कायमचे त्याच्याकडे राहायला यावे. अम्मींचेही एकच म्हणणे होते, की त्याने आता परत यावे. फोनवर दर जुम्म्याला सलाम व्हायचा, ख्यालीखुशाली व्हायची आणि शेवटी दोघेही गप्प व्हायचे.

मागच्या जुलैत मुलांच्या शाळेतून रजा काढून आम्ही दोघे, दोन मुले आणि अम्मी असे त्याच्याकडे गेलो. भेट हे कारण होतेच, पण हा गुंता सुटावा अशीही इच्छा होती. श्रीवर्धनकडच्या, खाडीकाठी वाढलेल्या अम्मी तिथल्या लाल मातीत आठवड्याभरातच कंटाळल्या. भाऊ म्हणाला, "अम्मी, चला, समुद्र दाखवतो. फक्त रस्ता थोडा लांब आहे."

थोडा म्हणजे सुमारे चौदाशे किलोमीटर!

तयारी

जुलै म्हणजे तिथला हिवाळा. दिवसा ऊन कोवळे, रात्री मात्र दुलई हवी अशी थंडी. उन्हाळ्यात या भागात कुटुंब घेऊन फिरणे धोक्याचे, असे भावाने आधीच सांगितले होते. त्याने मोठी चारचाकी घेतली, दोन जादा टायर, पाण्याचे कॅन आणि उपग्रहावर चालणारा फोन घेतला. मोबाइलला शेकडो किलोमीटर रेंज नसते. पाऊस पडला तर कच्चे रस्ते बंद करतात आणि बंद रस्त्यावर गाडी घातली तर जबर दंड बसतो. म्हणून निघण्याआधी रस्त्याची खबर घ्यायची. संध्याकाळनंतर कांगारू रस्त्यावर येतात, त्यामुळे अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा.

हलाल खाणे वाटेत मिळेल याचा भरवसा नव्हता. अम्मींनी खिमा भाजून घेतला, तांदळाच्या भाकऱ्या केल्या, नारळाच्या वड्यांचा एक डबा भरला.

पहिल्या दिवशी स्टुअर्ट महामार्गाने कूबर पीडीपर्यंत ६९० किलोमीटर गेलो. डांबरी रस्ता सरळ क्षितिजात शिरतो. समोरून पन्नास मीटरहून लांब ट्रकगाड्या येतात, त्या जाताना आपली गाडी हादरते. समोरचा प्रत्येक गाडीवाला स्टिअरिंगवरून एक बोट उचलून सलाम करतो. मुलांनी त्याचा खेळच केला. कूबर पीडीत १९१५ साली ओपल हे रत्न सापडले आणि खाणीचे गाव वसले. उन्हाळ्याच्या आगीपासून वाचण्यासाठी इथले बरेच लोक जमिनीखाली खोदलेल्या घरांत राहतात. आम्हीही रात्री अशाच एका खोलीत झोपलो. ना गरम, ना थंड. अम्मी भिंतीला हात लावून म्हणाल्या, "अल्लाह माणसाला कुठे कुठे आसरा देतो!"

लाल धुळीतला तयम्मुम

दुसऱ्या दिवशी डांबर संपले. कूबर पीडीहून विल्यम क्रीकला जाणारा रस्ता कच्चा, सुमारे १६५ किलोमीटरचा. वाटेत गुरांचे एक रान लागते, अ‍ॅना क्रीक. गुरांसाठी राखलेले हे जगातले सर्वांत मोठे रान. आपले दोन रायगड जिल्हे त्यात सहज मावतील.

त्या रानातच टायर फुटला. भावाने बदलला. वीस किलोमीटरवर दुसरा फुटला आणि जॅक धुळीत रुतून बसला. तासभर एकही गाडी आली नाही. आमच्या मोठ्या मुलाने विचारले, "चालत जाऊ या का?" भाऊ एरवी हसतमुख, पण तेव्हा तो एकदम करारी झाला. "इथला पहिला कायदा लक्षात ठेव. गाडी सोडायची नाही. गाडी शोधणाऱ्याला दिसते, माणूस दिसत नाही."

जुहरची वेळ झाली. पाणी होते, पण किती वेळ पुरवावे लागेल कोण जाणे, म्हणून ते पिण्यासाठी राखले आणि तयम्मुम केला. पुस्तकात वाचलेला तयम्मुम मुलांनी पहिल्यांदा खऱ्या मातीवर केला. तळहात लाल झाले. फोनवर किब्ल्याची दिशा पाहिली, तर पश्चिमेकडून जराशी उत्तरेला, जवळजवळ आमच्या गावच्यासारखीच. अम्मींना याचे मोठे समाधान वाटले. "इतक्या लांब येऊनसुद्धा तोंड तिकडेच," त्या म्हणाल्या.

आम्ही सलाम फेरतो तोच धुळीचा लोट दिसला. गुरांच्या रानातला एक कामगार होता. त्याने नाव-गाव काही विचारले नाही. जॅकखाली फळी घातली, अर्ध्या तासात टायर बसवला आणि टोपीला हात लावून निघाला. अम्मींनी नारळाच्या वड्यांचा अख्खा डबा त्याच्या हाती दिला. मुले थोडी हिरमुसली!

मरीचे कब्रस्तान

विल्यम क्रीकपासून आम्ही ऊडनाडाटा ट्रॅकला लागलो. ही वाट जुन्या रेल्वेच्या कडेने जाते. ओसाड स्टेशनांच्या भिंती आणि लोखंडी पूल अजून उभे आहेत. रात्र कॉवर्ड स्प्रिंग्जला तंबूत काढली. वाळवंटात उन्हाळ्याच्या पाण्याचे कुंड आणि त्याच्याजवळ खजुराची जुनी झाडे! खजूर पाहून मुलांनी विचारले, "इथे मुसलमान राहत होते का?"

राहत होते. १८६६ साली कराचीहून शंभराहून जास्त उंट आणि तीसएक उंटवाले जहाजाने दक्षिण किनाऱ्यावर पोर्ट ऑगस्टाला उतरले. त्या वेळी कराची आपल्या मुंबई इलाख्यातच होती. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत असे दोन हजारांच्या वर लोक आले, अफगाण, बलुच, पठाण, सिंधी, पंजाबी. तिथल्या लोकांनी सगळ्यांना एकच नाव दिले, 'अफगाण', आणि तोडून 'घान'. तारेचे खांब, लोकरीच्या गाठी, खाणींसाठी पाणी, गोऱ्या वसाहतवाल्यांचे पीठ-साखर, सारे त्यांच्या उंटांनी वाहिले. रेल्वे आली, तिचे रूळही याच उंटांनी नेले. अ‍ॅलिस स्प्रिंग्जपर्यंत १९२९ साली रेल्वे पोहोचली. आजही त्या गाडीचे नाव 'द घान' आहे.

तिसऱ्या दिवशी आम्ही मरीला पोहोचलो. एके काळी हे उंटवाल्यांचे मोठे ठाणे होते. रुळांच्या एका बाजूला गोरे आणि दुसऱ्या बाजूला उंटवाले व आदिवासी, अशी वस्तीची वाटणी. इथे त्यांनी मातीची, गवताने शाकारलेली मशीद बांधली होती. तिची प्रतिकृती आज गावात उभी आहे. आम्ही तिथे कसर पढलो.

मग कब्रस्तानात गेलो. गोऱ्यांच्या कबरी वेगळ्या, आदिवासींच्या वेगळ्या, आपल्या लोकांच्या वेगळ्या. आम्ही फातिहा पढलो. अम्मी बराच वेळ उभ्या होत्या. मग त्यांनी एकच विचारले, "यांच्या बायका कुठे होत्या?"

त्यांचे वडील बोटीवर खलाशी होते. दोन-दोन वर्षे बाप घरी नसणे म्हणजे काय, हे अम्मींना कोणी सांगायला नको.

भावाने सांगितले. बहुतेकांच्या बायका मुलुखातच राहिल्या. १९०१ नंतरच्या कायद्याने तर गोऱ्यांखेरीज इतरांना दारच बंद झाले. नागरिकत्व नाही, कुटुंब आणायची मुभा नाही. काहींनी इथल्या आदिवासी स्त्रियांशी निकाह केले, काहींनी गोऱ्या स्त्रियांशी. त्यांची नातवंडे-पतवंडे या भागात आजही आहेत. पुढे मोटारी आल्या आणि उंटांचे काम गेले. १९२५ साली मोकाट उंट मारण्याचा कायदा झाला. पुष्कळांनी गोळी घालण्याऐवजी आपले उंट रानात सोडून दिले. परत जाणे ज्यांना जमले नाही असे काही म्हातारे अ‍ॅडलेडच्या जुन्या मशिदीच्या आवारातल्या खोल्यांत शेवटपर्यंत राहिले.

अम्मी काही बोलल्या नाहीत. पदराने एका कबरीच्या दगडावरची धूळ पुसली, तेवढेच.

खाडी

चौथ्या दिवशी डोंगर दिसू लागले, मग गव्हाची शेते, आणि दुपारी पोर्ट ऑगस्टा. मुले लाटा पाहायला धावली आणि थबकली. समुद्र इथे आखाताच्या टोकाला येऊन चिंचोळा होतो. पाणी संथ, काठाला तिवरे, हवेला चिखलाचा खारट वास. "हा कसला समुद्र, ही तर खाडी!" मुलगी म्हणाली. अम्मी मात्र चपला काढून पाण्याच्या कडेला बसल्या. त्यांना खाडीच हवी होती.

त्या उंटवाल्यांची वाट इथून सुरू झाली होती. आमची इथे संपली.

भाऊ शेजारी येऊन बसला. अम्मी हळू आवाजात बोलल्या, पण आम्हाला ऐकू आले. "मी तुला परत ये म्हणत होते, कारण मला वाटायचे तू हरवलास. ते हरवलेले लोक मी काल पाहिले. तुझी बायको तुझ्याजवळ आहे, तू तिकीट काढून येऊ शकतोस. मग मी का अडवू? तू इथे खुशाल राहा, माझी इजाजत आहे. पण मला इथे ठेवू नकोस. माझी जागा तुझ्या अब्बांच्या शेजारी आहे."

भावाने त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. "दर वर्षी येईन," तो म्हणाला. अम्मी म्हणाल्या, "इन्शाअल्लाह म्हण आधी."

तो म्हणाला.

त्यानंतर आम्ही भारतात परतलो. जुम्म्याचा फोन अजून येतो. अम्मी कधी रडतात, कधी रागावतातही. पण शेवटी गप्प राहण्याची पाळी आता येत नाही. यंदा रमजानच्या आधी तो आला, आठ दिवस राहिला, अब्बांच्या कबरीवर जाऊन आला. जाताना अम्मींनी नारळाच्या वड्यांचे दोन डबे बांधून दिले. एक त्याच्यासाठी आणि एक, त्या म्हणाल्या, "वाटेत कुणाचा टायर फुटला तर."